कोंबड्याची बांग : संप्रेरक, घड्याळ आणि मानाचा क्रम

२०१९ मधील विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी व्यापारी शेडमध्ये नव्हे, तर घराच्या परसात, अंगणात आणि गोठ्याच्या आडोशाला वाढत होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची ही वाढ जवळजवळ ४६ टक्के भरते. दिवसभर उकिरड्यावर आणि कुंपणाच्या कडेने टिपत फिरणारे, तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात शिरणारे हे पक्षी थोडक्या खर्चात अंडी, मांस आणि हाती रोख पैसा देतात, म्हणूनच ग्रामीण महाराष्ट्रात आणि गोव्यात गावरान कोंबड्यांच्या जोडीला गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातीही अनेक घरांनी स्वीकारल्या आहेत. मात्र गावे दाट होत गेली आणि शहरांच्या कडेच्या वस्त्या वाढल्या, तशी या पाळणुकीतील एक बाब शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय ठरू लागली, ती म्हणजे नुकत्याच वयात आलेल्या कोंबड्याचे वेळीअवेळी आरवणे. हे आरवणे शरीरातील संप्रेरके, मेंदूतील कालमापन आणि कळपातील मानाचा क्रम या तीन व्यवस्थांच्या एकत्रित कार्यातून घडते, आणि त्या समजून घेतल्याशिवाय त्याला आवर घालण्याचे उपाय बहुधा निष्फळ ठरतात.

रक्तातून येणारा संदेश

माणसाचा आवाज घशाच्या वरच्या भागातील स्वरयंत्रात निर्माण होतो, तर पक्ष्यांचा आवाज श्वासनलिका जिथे दोन शाखांत विभागते तिथे असलेल्या ‘शब्दिनी’ या अवयवात उमटतो. शब्दिनी कोंबडीलाही असते, तरी ती सहसा आरवत नाही, कारण बांग देण्यासाठी आवाजाच्या अवयवाबरोबर विशिष्ट संप्रेरकही आवश्यक असते. संप्रेरक म्हणजे ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणारे आणि दूरच्या अवयवांचे कार्य बदलणारे रासायनिक द्रव्य. या संकल्पनेचा पहिला प्रायोगिक पुरावा कोंबड्यांवरील प्रयोगातूनच मिळाला, हे विज्ञानाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात आर्नोल्ड आडोल्फ बेर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा तरुण नरांपैकी काहींची दोन्ही वृषणे काढून टाकली, तर काहींच्या उदरपोकळीत स्वतःचे किंवा दुसऱ्या पक्ष्याचे एक वृषण मूळ जागेपासून सुटे करून ठेवले. पहिल्या गटातील नरांचे तुरे खुरटे राहिले आणि ते ना धड आरवले ना भांडले; दुसऱ्या गटातील नर मात्र इतर कोंबड्यांप्रमाणेच तुरेबाज, भांडखोर आणि आरवणारे झाले. जागा बदललेल्या वृषणाचे मूळचे मज्जातंतू तुटलेले होते, पण त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या, त्यामुळे त्याचा प्रभाव रक्तावाटेच पोचत असला पाहिजे, असा निष्कर्ष बेर्टहोल्ड यांनी काढला. हे द्रव्य टेस्टोस्टेरॉन असल्याचे पुढे १९३५ च्या सुमारास स्पष्ट झाले.

साधारणपणे अडीच ते चार महिन्यांच्या वयात नराच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढू लागते, तुरा लालभडक होतो आणि पहिली घोगरी, अर्धवट तुटणारी बांग ऐकू येते. ही बांग कोंबडा कोणाकडून शिकत नाही. मासाकाझू कोनिशी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानपणीच बहिरे केलेले पक्षीही मोठेपणी जातीच्या नेहमीच्या आवाजातच ओरडले, तर १९८८ मध्ये एव्हन बालाबान आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी लाव्याच्या भ्रूणातील मेंदूचा काही भाग कोंबडीच्या भ्रूणात बसवला असता त्यातून जन्मलेल्या काही पिलांच्या आरवण्यात लाव्याची लकब उतरली. बांगेचा आराखडा मेंदूच्या जडणघडणीतच असतो आणि संप्रेरक त्याला जागे करते, असे या प्रयोगांवरून दिसते. त्यामुळे हाकलून, धाक दाखवून किंवा उपाशी ठेवून कोंबड्याला गप्प राहण्याचे वळण लावता येत नाही.

अंधारातही चालणारे घड्याळ

कोंबडा उजेड पाहून आरवतो की वेळ ओळखून, या जुन्या प्रश्नाचे नेमके उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठाचे त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ मध्ये दिले. त्यांनी प्रयोगशाळेतील कोंबड्यांना बारा तास प्रखर आणि बारा तास अंधूक उजेडात ठेवले, तेव्हा ते प्रखर दिवे लागण्याच्या सुमारे दोन तास आधीच आरवू लागत. पुढे अहोरात्र एकसारखाच अंधूक उजेड ठेवला, म्हणजे दिवस आणि रात्र ओळखण्याची बाहेरची खूणच नाहीशी केली, तरीही बांगेची साधारण चोवीस तासांची आवर्तने बरेच दिवस चालू राहिली. शरीराच्या आत चालणाऱ्या अशा कालमापनाला ‘दैनिक लय’ म्हणतात. पक्ष्यांत ती डोळ्यांचे नेत्रपटल, मेंदूतील अधश्चेतक आणि पिनिअल ग्रंथी यांच्या सहकार्याने राखली जाते; कोंबडीची पिनिअल ग्रंथी तर स्वतःच प्रकाश ओळखते आणि तिच्यातील प्रकाशसंवेदी प्रथिन १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढले.

शिम्मुरा आणि योशिमुरा यांच्या संशोधनातील दुसरा निष्कर्ष कोंबडी पाळणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा आहे. दिव्याचा अचानक झोत किंवा दुसऱ्या कोंबड्याची बांग यांनीही कोंबडा आरवतो, पण या चेतनांना मिळणारा प्रतिसाद दिवसाच्या सर्व वेळी सारखा नसून पहाटेच्या सुमारास सर्वांत तीव्र असतो. थोडक्यात, घड्याळ आरवण्याची तयारी ठरवते आणि बाहेरची चेतना त्या तयारीला वाट देते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण सत्य झाकता येत नाही हे सांगण्यासाठी वापरली जाते, पण तिचा शब्दशः अर्थही या संशोधनाशी जुळतो, कारण डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्यालाही पहाट जवळ आल्याचे आतून कळतच असते.

पहिली बांग कोणाची?

कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचू शकतो याचा ठरावीक क्रम असतो, हे नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डेरुप-एबे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी मांडले आणि त्यातूनच प्राण्यांमधील सामाजिक उतरंडीच्या शास्त्रीय अभ्यासाला दिशा मिळाली. शिम्मुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की हाच क्रम पहाटेच्या आरवण्यालाही लागू पडतो: सर्वांत वरच्या मानाचा कोंबडा प्रथम आरवतो, त्याच्यामागून इतर नर आपापल्या मानानुसार आरवतात, आणि वरचा नर काढून घेतल्यास दुसऱ्या क्रमांकाचा नर पुढाकार घेतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला लाल रानकोंबडा झाडीझुडपांत राहतो, जिथे दृष्टी फार दूर पोचत नाही. अशा ठिकाणी आवाजानेच आपला मुलूख जाहीर करणे सोयीचे ठरते आणि प्रत्यक्ष झुंजीचा धोकाही टळतो. जत्रेसाठी किंवा पाहुण्यांसाठी थोरला कोंबडा काढला की तोवर दबून राहिलेला तरुण नर एकाएकी जोमाने आरवू लागण्यामागे हीच मोकळी झालेली जागा असू शकते.

आवाजाचे बळ आणि त्याचा उपयोग

बेल्जियममधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत आरवणाऱ्या कोंबड्याच्या स्वतःच्या कानाच्या तोंडाशी आवाजाची पातळी १४२ डेसिबलपर्यंत आढळली, तर अर्ध्या मीटरवर ती १०२ डेसिबल होती. इतक्या आवाजाने तो स्वतः बहिरा का होत नाही, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे: चोच पूर्ण उघडताच नराची कर्णनलिका मिटते, कोंबडीची मात्र केवळ अरुंद होते. शिवाय पक्ष्यांच्या अंतःकर्णातील इजा झालेल्या संवेदी पेशी पुन्हा निर्माण होऊ शकतात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले आहे. माणसाच्या कानाला ही सोय नाही.

नराचा आवाज बांगेपुरता मर्यादित नसतो. दाणा सापडताच तो खालच्या, तुटक आवाजात कोंबड्यांना बोलावतो. आकाशात घार दिसल्यास बारीक लांबट सूर काढतो आणि जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रे आल्यास वेगळाच ठसकेबाज कलकलाट करतो. पीटर मार्लर, ख्रिस्तोफर इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हे इशारे परस्परांपासून निश्चितपणे वेगळे असल्याचे, ते ऐकून कोंबड्या धोक्यानुरूप दडून किंवा मान उंचावून प्रतिसाद देत असल्याचे आणि जवळ सोबती असताना नर घारीचा इशारा अधिक वेळा देत असल्याचे दिसून आले. उघड्यावर चरणाऱ्या कळपाला असा राखणदार मोलाचा असतो.

पाळणाऱ्याच्या हाती काय आहे

खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. नर नसतानाही कोंबडी अंडी घालते, मात्र त्यांतून पिले निघत नाहीत. पिलांसाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. खुडूक कोंबडीखाली एकवीस दिवसांनी निघालेल्या पिलांत साधारण निम्मे नर असतात, म्हणून तुरे लाल होऊ लागताच जादा नर वेगळे करणे किंवा विकणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. खुराडे हवेशीर ठेवूनही रस्त्यावरच्या आणि पडवीतल्या दिव्यांचा उजेड आत येणार नाही अशी रचना केल्यास पहाटेच्या चेतना कमी होतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, त्यामुळे खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीपासून शक्य तितके दूर ठेवणे आणि मध्ये पक्का आडोसा असणे लाभदायक ठरते. गळ्याला पट्टा आवळून आवाज दाबणे मात्र श्वासात आणि गिळण्यात अडथळा आणू शकते, म्हणून ते टाळलेच पाहिजे.

फ्रान्समध्ये मोरीस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून गाजलेल्या खटल्याचा निकाल २०१९ मध्ये कोंबड्याच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये तेथील संसदेने ग्रामीण भागातील आवाज व वास यांना वारसा म्हणून कायद्याने मान्यता दिली. दाट वस्तीत मात्र शेजाऱ्याच्या झोपेचा हक्कही तितकाच खरा असतो. कोंबड्याला स्वतःची बांग निवडता येत नाही, पण नरांची संख्या, खुराड्याची जागा आणि रात्रीचा उजेड या तिन्ही गोष्टी माणसाला ठरवता येतात. म्हणून परसातील कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात मानमोडी रोगाची लस, खाद्य आणि जातीची निवड यांच्या जोडीला आवाजाच्या नियोजनालाही स्थान मिळाले पाहिजे. तसे झाले, तरच हा किफायतशीर जोडधंदा दाट होत चाललेल्या वस्त्यांतही टिकून राहील.