गलबल्यातला शब्द

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानाच्या आत बसवायचं विद्युत उपकरण, असलेली व्यक्ती शांत खोलीत छान गप्पा मारते. लग्नाच्या पंगतीत मात्र शेजारचा काय म्हणाला, ते तिला कळत नाही. यात तिच्या लक्षाचा दोष नाही. निरोगी कानात सुमारे 3,500 आतल्या केशपेशी आवाज टिपतात. इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड असतात साधारण 12 ते 22. त्यांचे विद्युतप्रवाह एकमेकांत मिसळतात आणि आवाजातले बारकावे पुसट होतात. संशोधक रॉबर्ट शॅनन यांनी 1995 मध्ये दाखवून दिलं, की शांततेत वारंवारतेच्या चारच पट्ट्यांत विभागलेलं बोलणंही समजतं. गोंगाटात तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून मेंदूला तालीम द्यायची. भरतकामाच्या रिंगेवर पातळ कापड ताणून बोलणाऱ्याने ती तोंडासमोर धरायची, म्हणजे ओठ दिसत नाहीत. तोंडावर हात धरायचा नाही, त्याने आवाजच दबतो. मग एक शब्द म्हणून विचारायचं: ‘ताट’ की ‘पाट’? ‘काल’ की ‘गाल’? जमू लागलं की मागे पंखा, नंतर रेडिओवरच्या गप्पा, आवाज हळूहळू चढवत. गप्पा सर्वांत अवघड, कारण तेही बोलणंच. चुकलं तर बरोबर शब्द लगेच पुन्हा ऐकवायचा. मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. सरावातल्या शब्दांत सुधारणा लवकर दिसते, नव्या वाक्यांत हळू. तोवर घरच्यांनी जेवताना टीव्ही बंद ठेवावा आणि आधी नावाने हाक मारून मग बोलावं.