बिजागरीला तेल

एका ताईंचं पत्र आलंय. मुलाची बारावी झाली, निकाल लागला, प्रवेशही झाला. तरी दिवेलागणीला त्यांच्या छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो. डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी घेतली की शांत वाटतं. त्या विचारतात, ही गोळी मेंदूतलं नेमकं काय काढून टाकते?

काहीच काढून टाकत नाही. ती कुठे काम करते हे कळायलाच या जातीचं पहिलं औषध बाजारात आल्यावर १७ वर्षं लागली.

रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी १९३०च्या दशकात पोलंडमधल्या क्राकोवमध्ये रंगांच्या शोधात काही संयुगं बनवली होती. ज्यू असल्यामुळे त्यांना युरोप सोडावा लागला आणि १९४१ मध्ये ते अमेरिकेत न्यू जर्सीला आले. तिथे हॉफमन-ला रोश कंपनीत मन शांत करणारं औषध शोधताना त्यांनी तीच जुनी संयुगं पुन्हा हाती घेतली. एकामागून एक प्रकार वाया गेले आणि वरिष्ठांनी दुसरं काम दिलं. १९५७ मध्ये टेबल आवरताना सहकारी अर्ल रीडर यांना तपासायचे राहून गेलेले छान स्फटिक दिसले. टाकून देण्याआधी एकदा बघू तरी, म्हणून ते चाचणीला गेले. प्राणी शांत झाले, पण गुंगले नाहीत! १९६० मध्ये हेच ‘लिब्रियम’ म्हणून विक्रीला आलं, १९६३ मध्ये त्याचं भावंड ‘व्हॅलियम’. घरोघरी गोळ्या पोचल्या. त्या मेंदूत कुठे चिकटतात ते कळलं १९७७ मध्ये. रीडर यांचं नाव मात्र आज फारसं कोणी घेत नाही, याची मला हळहळ वाटते.

आता त्या चिकटण्याबद्दल. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन आहे, हे युजीन रॉबर्ट्स यांनी १९५० मध्ये दाखवलं होतं. एका पेशीनं सोडलेला गाबा शेजारणीच्या दाराला लागला की दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. गोळी हे दार स्वतः उघडत नाही, ती बिजागरीला तेल घालते. पावसाळ्यात फुगलेलं, कुरकुरणारं दार आठवा. ढकलणारा गाबाच, तेलामुळे तेवढ्याच जोरात ते वारंवार उघडतं. ढकलणाराच नसेल तर तेल काय करणार? पण अशी दारं मेंदूभर आहेत, म्हणून झोप येते, तोल जातो आणि रोज घेतली तर सवयही लागते. म्हणून ताई, ती आपल्या मनानं वाढवूही नका आणि एकदम बंदही करू नका.

धाकधुकीशी फार जवळचा संबंध असलेली दारं अमिग्डलात आहेत. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामासारखा पेशींचा गठ्ठा. चित्रांत तो लाल रंगवून ‘भीतीचं केंद्र’ म्हणून दाखवतात, ते मला पटत नाही. २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये के टाय, कार्ल डायसरॉथ आणि सहकाऱ्यांनी अमिग्डलाच्या एका भागातून दुसऱ्याकडे जाणारे धागे उंदरांमध्ये फक्त प्रकाशानं चेतवले. हे धागे ग्लुटामेट, म्हणजे पेटवणारं रसायन सोडतात. तरीही उघड्या जागेला बिचकणारा उंदीर उंच चक्रव्यूहाच्या बिनभिंतीच्या फांदीवर जास्त वेळ राहू लागला! कारण पेटल्या त्या मुख्यतः गाबा सोडणाऱ्या, आवर घालणाऱ्या पेशी. तेच धागे दाबले तर धास्ती वाढली. भीती वाढवणारं आणि आवरणारं असं दोन्ही त्याच बदामात.

मग निकाल लागल्यावरही धडधड का? बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं, की उंदरांना रोज २ तास याप्रमाणे १० दिवस जखडून ठेवलं तर स्मृतीशी निगडित हिपोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, पण अमिग्डलातल्या वाढतात. पुढे २००४ मध्ये त्यांनी ताण दिलेल्या उंदरांना २१ दिवस निवांत ठेवून पाहिलं. हिपोकॅम्पसच्या फांद्या पूर्ववत झाल्या. अमिग्डलाच्या तशाच वाढलेल्या होत्या आणि उंदीरही तसेच बिचकत होते.

उंदरांचं सगळं माणसाला लागू होतं असं नाही. पण ‘निकाल लागला, तरी’ हे तुमचे शब्द वाचले, ताई, आणि मला ते २१ दिवस आठवले.