इन्व्हर्टरवर पंखा का गुणगुणतो? बॅटरीची वीज घरात चालण्यासारखी कशी होते, समजून घ्या

नवीन पनवेल : पावसाळा आला की तालुक्यातल्या गावांत लाईट जाणं काही नवीन नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि जिल्ह्यातली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी इन्व्हर्टरचा आधार वाटतो. पण इन्व्हर्टरवर पंखा ‘घूं घूं’ करतो, फ्रीज नीट सुरू होत नाही, अशा तक्रारीही असतात. फ्रीजमध्ये घरातल्या कुणाचं इन्सुलिन असेल, तर ही तक्रार साधी राहत नाही.

अडचण कुठे आहे?

बॅटरीची वीज 12 व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी. घरातली वीज 230 व्होल्टची, आणि सेकंदाला 50 वेळा लाटेसारखी वर-खाली होणारी. इन्व्हर्टरमधले चार इलेक्ट्रॉनिक स्विच बॅटरीचं प्लस-मायनस उलटसुलट करतात. स्वस्त इन्व्हर्टर नुसती उलटापालट करतो, त्यामुळे लाट गोलसर न होता चौकोनी होते. चौकोनी लाटेत 50 हर्ट्झच्या मूळ लाटेसोबत 150, 250 हर्ट्झच्या नको असलेल्या लाटाही मिसळलेल्या असतात. त्यातली 150 ची लाट मूळ लाटेच्या तब्बल एक तृतीयांश असते. पंख्याची मोटर त्यामुळेच गुणगुणते आणि जास्त तापते.

नळ उघडा, नळ बंद करा

यावरचा उपाय म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन, थोडक्यात पीडब्ल्यूएम. नळ भराभर उघड-बंद केला, तर बादलीत किती पाणी पडेल? जितका जास्त वेळ उघडा, तितकं जास्त. तसंच 12 व्होल्टचा स्विच निम्मा वेळ चालू ठेवला, तर सरासरी 6 व्होल्ट मिळतात.

इन्व्हर्टरमधली चिप समजा सेकंदाला 10 हजार वेळा उघड-बंद करते. म्हणजे एका लाटेत 200 तुकडे झाले. लाटेच्या सुरुवातीला तुकडा बारीक, माथ्यावर रुंद, पुढे परत बारीक. मग कॉइल आणि कपॅसिटर हे तुकडे गुळगुळीत करतात, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो आणि गोलसर लाट तयार होते. यालाच ‘प्युअर साइन वेव्ह’ म्हणतात.

बॅटरी उतरतानाही हे कामाला येतं. 12 व्होल्टवर लाटेचा माथा 80 टक्के ठेवला, तर तो 9.6 व्होल्ट होतो. बॅटरी 11 व्होल्टवर आली की चिप तुकडे रुंद करून तेच प्रमाण 87 टक्क्यांवर नेते. माथा तेवढाच राहतो, पंख्याला फरक कळत नाही.

आधी कॉम्प्युटरवर का?

एका बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही स्विच क्षणभर जरी एकदम चालू झाले, तरी बॅटरी शॉर्ट होते आणि स्विच उडतो. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू होईपर्यंत मायक्रोसेकंदाची मोकळीक ठेवतात. ती कमी ठेवली तर धोका, जास्त ठेवली तर लाट बिघडते.

हा हिशोब इंजिनिअर मंडळी आणि इंजिनिअरिंगची मुलं आधी कॉम्प्युटरवर करून बघतात. बॅटरी उतरवून बघायची, लोड वाढवायचा, मोकळीक कमी-जास्त करायची. चूक झाली तर पडद्यावर करंटची रेघ वर उडते, खिशातले पैसे उडत नाहीत. मॅटलॅब-सिम्युलिंक त्यासाठी बरंच वापरतात, पण ते विकत घ्यावं लागतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ‘ई-सिम’ मात्र फुकट आहे. नवीन पनवेलच्या कॉलेजात शिकणारं गावचं पोरही ते आपल्या लॅपटॉपवर टाकू शकतं.

पण पडद्यावर सगळं कळत नाही. बॅटरीची ढिली क्लिप, गंजलेलं टर्मिनल, बंद खोलीत तापलेला इन्व्हर्टर हे आपण आखणीत घातलं नाही, तर कॉम्प्युटर ते दाखवणार नाही. म्हणून शेवटची तपासणी खऱ्या लोडवरच होते.

घ्यायला जाल तेव्हा

- खोक्यावर ‘साइन वेव्ह’ लिहिलंय का बघा. नुसते एलईडी दिवे आणि मोबाईल चार्जर चालवायचे असतील तर चौकोनी लाटेवरही बहुधा भागतं. पंखा, फ्रीज असेल तर साइन वेव्हच घ्या.
- फ्रीज सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. दुकानदाराला फ्रीजचा लोड आधी सांगा.
- शक्य असेल तर दुकानातच पंखा लावून आवाज ऐका.

पंखा मेनवर शांत आणि इन्व्हर्टरवर गुणगुणत असेल, तर पंखा बदलण्याआधी इन्व्हर्टर कोणत्या लाटेचा आहे ते बघा.