एसटीतला राखीव बाक आणि सांगोल्याचे आबासाहेब

एसटीत चढलं की पुढच्या एका बाकाजवळ रंगवलेली ओळ दिसते : आमदारांसाठी राखीव. त्या बाकावर खरोखरचा आमदार बसलेला कधी पाहिलाय का, असं विचारलं तर आज बहुतेकांची मान नकारार्थी हलेल. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात मात्र ही नवलाची गोष्ट नव्हती. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख, म्हणजे तालुक्याचे आबासाहेब, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने फिरणारा आमदार हीच त्यांची ओळख राहिली.

या साधेपणावर भरभरून लिहिलं गेलं. त्या कौतुकात त्यांचं खरं काम झाकलं गेलं, असं मला वाटतं. साधा माणूस एकदा-दोनदा निवडून येतो. अकरा वेळा यायला आमदारकीचं काम नीट यावं लागतं.

१९६२ साली ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. १९७२ला हरले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ला पुन्हा पराभव झाला, तोही अवघ्या १९२ मतांनी. १९९९ला जनतेने त्यांना परत पाठवलं आणि मग २०१४पर्यंत एकही निवडणूक हुकली नाही. मंत्रिपद दोनदाच मिळालं, १९७८च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी सारा काळ गेला तो विरोधी बाकांवर, आणि तेही एका लहान पक्षात.

अशा आमदाराच्या हाती असतं तरी काय? निधी सत्तेकडे, अधिकारी सत्तेचे. त्याच्याकडे असतात ती नियमांनी दिलेली आयुधं : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्धा तास चर्चा. तारांकित प्रश्नाचा छापील कागद एकदा जवळून पाहावा. ‘अमुक गावात टंचाई असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय?’ असं पहिलं कलम, ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ असं दुसरं. समोर मंत्र्याचं उत्तर : ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. कधी ‘अंशतः खरे आहे’. नवखा सदस्य इथेच थांबतो. मुरलेला आमदार उपप्रश्नाला उभा राहतो, त्या ‘अंशतः’वर बोट ठेवतो आणि उरलेलं खरं मंत्र्याच्या तोंडून वदवून घेतो. सभागृहात दिलेलं आश्वासन कामकाजात नोंदलं जातं आणि त्याच्या पूर्ततेचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. गणपतरावांची ताकद या पाठपुराव्यात होती. एकच मागणी वर्षानुवर्षं, सरकार कुणाचंही असो, त्याच शांत आवाजात.

ती मागणी मुख्यतः पाण्याची. सांगोला हा कायम दुष्काळी तालुका. माण नदीचं पात्र बहुतेक वर्षभर कोरडं. नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींसोबत त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून कृष्णेच्या पाण्याचं समन्यायी वाटप मागितलं. कऱ्हाडजवळच्या टेंभूला कृष्णा अडवून, टप्प्याटप्प्याने पाणी उचलून माणदेशाच्या माळावर आणायचं, ही कल्पना तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होती. पंप, वीज, कालवे, प्रत्येकासाठी वेगळा निधी आणि प्रत्येक निधीसाठी वेगळं भांडण. एका निवडणुकीत याचं फळ दाखवता येत नाही. पाणी येण्याआधीही लोक तगले पाहिजेत, म्हणून कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेचा आधार घेत शेतकऱ्यांनी मुरमाड रानात डाळिंब लावलं. 

असं काम करणाऱ्याचा मग निवडणुकीत प्रचार कसला? २०१४ला विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांपर्यंत खर्चाची मुभा होती. शेकापची रीत मात्र जुनी : गावोगाव बैठक, लोकवर्गणी, लाल बावटा. प्रचाराचे ते पंधरा दिवस म्हणजे पाच वर्षांच्या हजेरीवर मतदाराने केलेली सही. आज विकासकामांच्या फलकांवर चेहरे आधी लागतात आणि काम नंतर सुरू होतं, हे पाहताना मला मनापासून वाईट वाटतं. फलक वाचून मतदाराला आमदाराचं तोंड कळतं, त्याने सभागृहात काय विचारलं ते कळत नाही. विधिमंडळाचं कामकाज छापील निघतं. आपल्या आमदाराच्या नावावर किती प्रश्न आहेत, हे किती जण उघडून पाहतात?

२०१९ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी, ९४ वर्षांचे असताना, सोलापुरात आबासाहेब गेले. २०२४ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. साऱ्या महाराष्ट्रात शेकापला मिळालेली ती एकमेव जागा. या मतांत आजोबांच्या आठवणीचा वाटा मोठा होता, हे सांगोल्यात कुणी नाकारणार नाही. पुढच्या वेळी मात्र पारावर बसलेला म्हातारा विचारेल : टेंभूचं पाणी आमच्या शिवारात किती दिवस फिरलं?