रंगीत लेझर प्रिंटर : पेढीच्या हिशेबात

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आष्टीसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेतही संगणकीय बिलाची सवय रुजू लागली. मालाच्या विक्रीचे करबीजक तीन प्रतींत करावे लागते, त्यामुळे पेढीवर प्रिंटर हवाच. मात्र संवत्सरीची क्षमापना पत्रे, लग्नपत्रिका आणि मुलांचे शालेय प्रकल्प डोळ्यांसमोर येतात आणि मन रंगीत लेझर यंत्राकडे वळते.

या यंत्राचे गुण खोटे नाहीत. शाईचा प्रिंटर काही आठवडे बंद राहिला की शाई सुकते आणि छिद्रे तुंबतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर लवकरच. लेझरमध्ये शाई नसून कोरडी भुकटी असते. ती विद्युतभाराने ड्रमवर चिकटते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून कागदात बसते. म्हणून अक्षर ओल्या हाताने पसरत नाही. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. थर्मल कागदावरची बिले तोवर पुसट होतात.

खरी मेख टोनरच्या डब्यांत आहे. काळा, निळसर, किरमिजी आणि पिवळा असे ४ डबे लागतात. नव्या यंत्रासोबतचे डबे बहुधा कमी भरलेले असतात. पुढे पूर्ण संच घेताना त्याची किंमत यंत्राच्याच किमतीच्या आसपास जाते, तेव्हा अनेक घरांत कपाळाला हात लागतो. डब्यावरचा पानांचा आकडा प्रत्येक रंगाने कागदाचा सुमारे ५ टक्के भाग व्यापला असे धरून येतो. भरगच्च पत्रिकेत तो किती टिकणार? शिवाय रंग जुळवून घेताना यंत्र थोडी भुकटी स्वतःच खर्च करते, मग छापायचे बिल काळेच का असेना.

तेव्हा बिलांसाठी साधा काळा लेझर आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या पत्रिकांसाठी छापखाना, हीच मांडणी बहुतेक पेढ्यांना परवडणारी आहे. दर आठवड्याला रंगीत दरपत्रके काढणाऱ्या दुकानाची गोष्ट वेगळी. व्यवसायासाठी घेतलेल्या यंत्रावर भरलेल्या कराचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्यास मिळते, घरगुती वापरासाठी घेतलेल्यावर नाही.

आणखी एक. रूळ तापताना हे यंत्र एकदम मोठा भार ओढते, म्हणून घरातल्या लहान इन्व्हर्टरवर ते जोडू नये. वीज गेल्यावर बिल अडणार असेल तर हाती लिहिण्याचे एक बिलबुक गल्ल्यात असू द्यावे.