बंब गळतोय? आधी घड्याळ बघा!

खर्डा म्हटलं की इतिहासवाल्यांना १७९५ ची मराठे-निजाम लढाई आठवते. आमच्या घरी मात्र रोज सकाळी लढाई असते ती तांब्याच्या बंबाशी! मित्रहो, हॉस्टेलच्या सोलरवर आंघोळ करणाऱ्यांना हसू येईल, पण जामखेड तालुक्यात पऱ्हाट्या-तुराट्या फुकट मिळतात आणि लाइटचा भरवसा नसतो. तिथे बंबाला अजून मान आहे.

मागच्या हिवाळ्यात बंबाखाली ओल दिसायला लागली आणि घरात परिसंवाद सुरू झाला. काका म्हणाले, एमसील लावू. शेजारचे म्हणाले, भंगारात घाला, तांब्याला भाव चांगला आहे. आजी म्हणाली, माझ्या सासूबाईंचा बंब आहे, हात लावू नका. तिघांनीही एक प्रश्न विचारलाच नव्हता: गळतंय नक्की कुठून? इलाज ठरतो तो यावरून.

आधी रचना बघू. बंब म्हणजे आपल्या पुस्तकातला उभा फायर-ट्यूब बॉयलरच, फक्त वरून उघडा. मधोमध उभा पाइप, त्याच्या तळाशी जाळी, पाइपात जळण, भोवतीच्या पोकळीत पाणी. खाली बाजूला तोटी, वर पाणी ओतायचं तोंड. तोंड उघडं असल्यामुळे आत वाफेचा दाब साठत नाही. अर्धा मीटर उंच पाण्याचा दाब भरतो जेमतेम ०.०५ बार.

आता पहिला प्रश्न: पाणी कधी येतं?

पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं राखेत थेंब पडतात आणि मग थांबतात? ही बहुतेक वेळा गळती नसतेच. एक किलो कोरडं लाकूड जळलं तरी सुमारे अर्धा किलो पाण्याची वाफ तयार होते. पाइप गार असेपर्यंत ती त्याच्यावर जमून खाली टपकते. पाइप तापला की बंद.

पाणी चांगलं तापल्यावर वरच्या तोंडातून सांडतं? तीही गळती नाही. २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत पाणी अडीच टक्क्यांहून जास्त फुगतं. ४० लिटरचा बंब काठोकाठ भरला तर साधारण एक लिटर बाहेर येणारच. चार बोटं कमी भरा. पण सांडतं म्हणून ते तोंड बूच मारून कधीही बंद करू नका. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. वाट बंद केली तर बंबाचा बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही.

फक्त तापल्यावरच जोडातून झिरपतं? तर जोड सैल झालाय. अर्धा मीटरचा तांब्याचा पाइप ६० अंशांनी तापला की सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. आतला पाइप आणि बाहेरचं भांडं एका वेगानं तापत नाहीत, त्यामुळे ताण जोडावर येतो.

आणि गार असतानाही गळतं? मग सोपी टेस्ट. रात्री राख काढा, सगळं कोरडं पुसा, बंब भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि तोटीखाली वाटी ठेवा. वरून काठी बुडवून पातळीची खूण करा. सकाळी परत काठी बुडवा. पाणी उतरत उतरत जिथे थांबतं, भोक त्याच उंचीला असतं. वाटीत पाणी असेल तर तोटीचा वॉशर किंवा फिरकी बघा. वाटी कोरडी पण तोटीच्या बुडाशी ओल असेल तर तिथला जोड. बाहेरून सगळं कोरडं पण जाळीखालचा कागद भिजलेला असेल तर आतला पाइप. वरून टॉर्च मारून बघा.

आमच्याकडे पाणी तोटीच्या बुडाशी येऊन थांबलं. म्हणजे बंब ठणठणीत, जोड तेवढा गेलेला. तांबटानं डाख दिला, काम झालं. एमसील लावलं असतं तर थोडे दिवस टिकलं असतं. आगीच्या बाजूला तर ते जळूनच जातं.

जुन्या बंबात क्षारांचा थर असतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. हा थर कधी कधी बारीक भोक बुजवून ठेवतो. तो घासून काढला की गळती 'नवीन' सुरू होते, पण भोक जुनंच असतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. तांबं वितळतं १०८५ अंशांना, पण कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंशांपासूनच पातळ व्हायला लागतो. पाणी आहे तोवर जोड गार राहतात. पाणी संपलं की डाख ओघळतो. म्हणून गळका बंब पेटवून विसरून जाऊ नका, आणि आधी पाणी, मग आग. शिशामुळे हे पाणी आंघोळीलाच वापरा, प्यायला-स्वयंपाकाला नको. बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दिवाळीत घरी गेलात की माळ्यावरचा बंब खाली काढा आणि एक रात्र भरून ठेवा. भंगारवाल्याला हाक सकाळी मारायची की नाही, ते काठीवरची खूण सांगेल!