पावसाळ्याचा निकाल सप्टेंबरात लागतो

गणपती गेले की पाऊस संपला, असे आपण धरून चालतो. छत्र्या माळ्यावर जातात, वर्तमानपत्रांत जून ते सप्टेंबरची टक्केवारी छापून येते आणि पावसाळ्याचा हिशोब मिटतो. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या हर्सूलपुरता तरी हा हिशोब अपुरा आहे. खाम नदीवरचा इथला तलाव जुन्या शहराच्या काही भागांना आजही पाणी देतो. तो भरणार की रिकामा राहणार, विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकणार की नाही, रब्बीच्या ज्वारीला ओल मिळणार की नाही, याचा निर्णय बहुतेक वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा करतो. म्हणून या दीड महिन्याकडे पावसाळ्याचे शेपूट म्हणून न पाहता स्वतंत्र ऋतू म्हणून पाहायला हवे.

याचे पहिले कारण जमिनीत आहे. हर्सूल-जटवाड्याच्या डोंगरांवर काळ्या खडकावर मुरुमाचा आणि मातीचा पातळ थर आहे. उन्हाळ्यात भाजलेली ही जमीन जून-जुलैचा पाऊस आधी स्वतः पिते. वाऱ्याने आणि उन्हाने बरेच पाणी उडूनही जाते. त्या पावसावर पेरण्या होतात, पण ओढे क्वचितच खळाळतात. माती तृप्त झाल्यावर पडलेली सर मात्र थेट ओढ्यात, ओढ्यातून खाम नदीत आणि तलावात उतरते. शिवाय बेसाल्टच्या भेगांत मावणारे पाणी मुळातच थोडे. ते जितके उशिरा भरेल तितके उन्हाळ्यात पुढे पुरते. शहराचा वर्षभराचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्याचा पाचवा हिस्सा तरी एकट्या सप्टेंबरचा. जमिनीची ही रीत लक्षात घेतली, तर या हिश्श्याचे मोल आकड्यापेक्षा बरेच जास्त ठरते.

दुसरे कारण आकाशात आहे. जून-जुलैतले मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात आणि बरेचसे पाणी सह्याद्रीवर टाकून मराठवाड्यात पोहोचतात. ऑगस्टमध्ये अनेकदा खंड पडतो. सप्टेंबरात भरवसा बंगालच्या उपसागरावर असतो. तिथे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकतात आणि वाटेत मराठवाडा भिजवतात. 26 सप्टेंबर 2021 रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकले. त्याचे अवशेष पुढच्या दोन दिवसांत मराठवाड्यावरून गेले, नद्यांना पूर आणून अरबी समुद्रात उतरले, तिथे ‘शाहीन’ नावाने पुन्हा बळावले आणि ओमानवर आदळले. एरवी सप्टेंबरात ढगांमधल्या उघडिपीत ऊन तापते, ओली जमीन वाफ सोडते आणि दुपारी अंगाची लाही होते. संध्याकाळी गडगडाटासह येणारी सर हे या उकाड्याचेच फळ.

जगाच्या नकाशावर हर्सूलसारखेच 20 अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ क्यूबातले सांतियागो हे कॅरिबियन शहर आहे. दोन्हीकडे सूर्य सारखाच कलतो, 22-23 सप्टेंबरच्या विषुवदिनी माध्यान्हीला तो क्षितिजापासून सुमारे 70 अंशांवर असतो. तिथेही उन्हाळ्याच्या मध्यावर पावसाला उतार पडतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो पुन्हा वाढतो. फरक समुद्राचा आणि उंचीचा. सांतियागोला कोमट समुद्राचा शेजार आहे, त्यामुळे तिथली रात्रही दमट आणि उबदार. हर्सूल समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, म्हणून आभाळ मोकळे झाले की रात्री हवेत गारवा येतो. अटलांटिकमधल्या वादळांचा जोर 10 सप्टेंबरच्या सुमारास सर्वाधिक असतो. आपल्याकडे तेव्हा खालचे पश्चिमी आणि वरचे पूर्वेकडचे वारे वादळाची उभी रचना मोडतात, म्हणून बहुधा कमी दाबाच्या क्षेत्रांवरच निभावते. तिकडच्या लोकांनी मात्र आपला काळ नेमका आखला आहे: अटलांटिकचा वादळ-हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा जाहीर आहे आणि 25 ऑक्टोबर 2012 रोजी ‘सँडी’ चक्रीवादळ सांतियागोवर आले ते या हंगामातच मोजले गेले.

आपली आखणी इथेच कमी पडते. हवामान खात्याच्या हिशोबात मोसमी पाऊस 30 सप्टेंबरला संपतो आणि 1 ऑक्टोबरपासूनचा पाऊस मोसमोत्तर ठरतो. शेतकऱ्याचे हस्त नक्षत्र साधारण 27 सप्टेंबरला लागते आणि 10 ऑक्टोबरच्या सुमारास संपते, म्हणजे त्याचा परतीचा पाऊस सरकारी तक्त्यात दोन तुकड्यांत वाटला जातो. भोंडल्यात हत्ती मांडून या नक्षत्राला मान देणाऱ्या समाजाला त्याचे महत्त्व नवे नाही. खुद्द खात्यानेही 2020 मध्ये मोसमी वाऱ्यांच्या परतीच्या तारखा पुढे सरकवल्या. वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात 1 ऐवजी 17 सप्टेंबरला धरली जाते.

यावर आक्षेप येईल, की पेरणी जूनच्या पावसावर होते, मग निर्णायक तोच. पेरणीपुरते हे खरे आहे. पण उगवलेले पीक पदरात पडणे आणि उन्हाळ्यात नळाला पाणी येणे, या दोन्ही गोष्टी शेवटच्या पावसावर ठरतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने लाखो हेक्टरांवरची पिके गेली, गोदाकाठची गावे पाण्यात राहिली. मग या पावसाचे गोडवे कशाला? गोडवे गाण्याचा प्रश्नच नाही. तलाव भरणारी सर आणि काढणीला आलेले सोयाबीन कुजवणारी सर एकाच ढगातून पडते, म्हणून तर या काळाचा वेगळा अभ्यास, वेगळा इशारा आणि वेगळी तयारी हवी. चार महिन्यांची बेरीज सरासरीच्या वर गेली, एवढ्याने हा धोका दिसत नाही आणि हा लाभही दिसत नाही.

म्हणून 1 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळाच्या पावसाची नोंद तालुकावार आणि एकत्र प्रसिद्ध व्हावी. हर्सूल तलावात येणारे ओढे आणि खाम नदीचे पात्र ऑगस्टअखेरपर्यंत मोकळे करून ठेवावे. विमा आणि काढणीचे सल्ले याच कालपट्टीला धरून द्यावेत. आणि वाचकांनी गणपती विसर्जनानंतर पावसाचा हिशोब मिटवू नये, तो तिथून पुढे मांडायला घ्यावा.